द्राक्षवेलीची मुळी मोजायची कशी : सांगलीच्या बागेत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या पट्ट्यातला बागायतदार बागेत शिरला की ड्रिपरखाली वाकतो, बोटांनी माती उकरतो आणि पांढरी मुळी दिसली की निश्चिंत होतो. रोजच्या कामाला ही तपासणी पुरते. पण तेवढ्यावरून ‘बागेची मुळी चांगली आहे’ असं म्हणता येत नाही. ड्रिपरखालची जागा बागेतली सगळ्यांत ओली, भुसभुशीत आणि खत मिळणारी जागा असते. तिथे मुळी नसेल तर दुखणं मोठं आहे. असेल, तर त्या वीतभर जागेत मुळी आहे एवढंच कळलं. बाकीच्या जमिनीत काय चाललंय, हे अजून कळायचंच आहे.

मुळांचा अभ्यास म्हणजे आधी ठरवलेल्या जागी, ठरवलेल्या खोलीवर, ठरवलेल्या वेळी पाहणं. आणि जिथे काही सापडलं नाही तिथे वहीत शून्य लिहिणं. नव्याने हे काम करणारे कृषीचे विद्यार्थी आणि तरुण बागायतदार नेमकं हे शून्य गाळतात. मुळी नसलेली जागा त्यांना वाया गेलेला नमुना वाटते. पाणी आणि खत कुठे वाया जातंय, हे मात्र त्या रिकाम्या जागाच सांगतात. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हे एक धरून ठेवा.

आधी प्रश्न ठरवा

पद्धत नंतर, प्रश्न आधी. ‘मुळी किती खोल गेली आहे?’ याला चारी, म्हणजे लांब खड्डा, खणावी लागते. ‘खरड छाटणीनंतर (माल उतरल्यावरच्या छाटणीनंतर) नवी मुळी कधी सुटते?’ याला चारी निरुपयोगी, कारण चारी एकदाच खणता येते. तिथे काचेची खिडकी किंवा पारदर्शक नळी हवी. ‘डॉगरिज आणि ११० आर या खुंटांत (ज्यांवर द्राक्षाचं कलम बांधतात त्या मुळांच्या जातींत) फरक आहे का?’ यासाठी गिरमिटाने (मातीत फिरवून नमुना काढायच्या हत्याराने) पुष्कळ वेलींखालचे नमुने काढावे लागतात.

खुंटाच्या प्रश्नात एक काळजी घ्या. रुपेस्ट्रिस या रानद्राक्षाच्या वंशाचे खुंट मुळ्या उभ्या खाली सोडतात आणि रिपारिया या रानद्राक्षाच्या वंशाचे आडव्या, हे जुनं आणि खरं निरीक्षण आहे. ११० आरमध्ये रुपेस्ट्रिसचं रक्त आहे, त्यामुळे तो खोल जाईल असं आपण धरून चालतो. पण खाली दोन फुटांवर कठीण मुरूम लागला तर कोणताही खुंट आडवाच पसरणार. माझ्या मते आपल्या जिल्ह्यात जमीन खुंटापेक्षा मोठी आहे. कृष्णाकाठची खोल काळी जमीन आणि जत-कवठेमहांकाळकडची मुरमाड, चुनखडीची जमीन यांतल्या वेलींची तुलना करून खुंटाविषयी निष्कर्ष काढू नका. दोन्ही खुंट एकाच रानात, एकाच वयाचे, एकाच पाण्यावरचे मिळाले तरच तुलना करा.

वेली निवडणं

बांधाकडच्या ओळी सोडा. जिच्या शेजारची वेल मेलेली आहे ती वेल घेऊ नका, कारण तिला दुप्पट जागा मिळालेली असते. जमिनीपासून एका ठरावीक उंचीवर, कलमाच्या जोडाखाली, खोडाचा घेर टेपने मोजा आणि सारख्या घेराच्या वेली निवडा. प्रत्येक प्रकारासाठी किमान पाच-सहा वेली हव्यात. मुळं जमिनीत सारखी पसरत नाहीत. एका नमुन्यात गुंता आणि वीतभर पलीकडे काहीच नाही, असं नेहमी होतं. एकाच वेलीवरून काढलेला आकडा कितीही काळजीने काढला तरी फार काही सांगत नाही.

निवडलेल्या वेलीची नोंद करताना खुंट, जात, लागवडीचं वर्ष, दोन ओळींतलं आणि दोन वेलींतलं अंतर, ड्रिपर किती आणि खोडापासून किती लांब, बोदाची (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्याची) उंची, आच्छादन आहे का, हे सगळं लिहा. जमीन भरावाची आहे का, हेही मालकाला विचारा. मुरमाड माळावर तळ्यातला गाळ किंवा काळी माती आणून टाकलेल्या बागा आपल्याकडे पुष्कळ आहेत. भराव आणि मूळची जमीन जिथे भेटतात त्या रेषेवर मुळी कशी वागते, हे बघण्यासारखं असतं.

चारी : सगळ्यांत जास्त शिकवणारी पद्धत

नव्या माणसाने सुरुवात चारीनेच करावी असं मला ठामपणे वाटतं. मुळांचं खरं चित्र एकदा डोळ्यांनी पाहिलं की नंतर गिरमिटाचे आकडेही समजायला लागतात.

वेळ निवडा ती माल उतरल्यानंतरची, विश्रांतीच्या काळातली. फळ छाटणीनंतर (घड येण्यासाठी केलेल्या छाटणीनंतर) वेलीवर घड असताना एका बाजूची मुळी तोडली तर त्याचा फटका त्या घडांना बसतो. विश्रांतीत वेलीला सावरायला वेळ मिळतो. तरीही ज्या वेलीजवळ चारी काढली ती पुढच्या हंगामात उत्पादनाच्या प्रयोगात धरू नका, आणि एकाच वेलीच्या दोन्ही बाजू कधीही खणू नका. मालकाला आधी सगळं समजावून सांगा. कुठे खणणार, किती खणणार आणि कधी बुजवणार.

दोन-तीन दिवस आधी पाणी बंद ठेवून जमीन वाफशावर येऊ द्या. चिखलात भिंत लिंपली जाते आणि कोरड्या काळ्या मातीत ढेकळं निघून मुळं तुटतात. लॅटरल (ठिबकची नळी) उचलून तारेला अडकवून ठेवा. मग ओळीला समांतर, खोडापासून ४५ सेंटिमीटरवर सुतळी बांधा. चारीची लांबी दोन वेलींतल्या अंतराएवढी, खोड मध्यावर येईल अशी. पाच फुटांवर वेली असतील तर साधारण दीड मीटर. खोली एक मीटर. त्याआधी कठीण मुरूम लागला तर तिथे थांबा आणि ती खोली लिहा. रुंदी एवढी की माणूस खाली बसून काम करू शकेल. वरचा थर आणि खालचा थर वेगवेगळ्या ढिगात टाका, म्हणजे बुजवताना त्याच क्रमाने घालता येतील. मांडवाखाली मोठं यंत्र सहसा शिरत नाही, त्यामुळे टिकाव-खोऱ्याचंच काम आहे. पाहायच्या भिंतीजवळचा शेवटचा वीतभर भाग तर हातानेच काढा.

काळ्या जमिनीत चारीची भिंत न सांगता ढासळते. चार फुटांच्या खाली आधाराशिवाय जाऊ नका, ढीग काठापासून किमान दोन फूट लांब ठेवा, एकट्याने खाली उतरू नका, आणि रात्री चारी उघडी राहणार असेल तर भोवती दोरी बांधून फळ्या टाका. अलीकडे फवारणी झालेल्या बागेत लेबलवर सांगितलेला अवधी संपल्याशिवाय काम सुरू करू नका.

आता भिंत तयार करायची. खोऱ्याने भिंत गुळगुळीत केली की मुळ्यांची टोकं मातीत लिंपली जातात आणि दिसेनाशी होतात. म्हणून चाकू किंवा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मातीत घालून लहान लहान कपचे बाहेरच्या बाजूला उचकटा. त्यानंतर पाठीवरच्या पंपाने हलका फवारा मारत साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर माती धुऊन काढा. मुळ्या भिंतीतून बाहेर डोकावायला लागतात. पंप तणनाशकाचा नसावा, आणि एचटीपीची (जोरदार दाबाच्या फवारणी पंपाची) गन तर वापरूच नका; तिच्या जोराने बारीक मुळी माती घेऊन खाली येते.

भिंत उघडी पडली की वेळ कमी असतो. ऊन लागलं की पांढरी मुळी थोड्याच वेळात सुकते आणि तपकिरी पडते. भिंतीवर ओलं गोणपाट टाकून ठेवा आणि मोजायचा तेवढाच भाग उघडा करा. मोजण्यासाठी लाकडी किंवा पीव्हीसी चौकटीवर १० सेंटिमीटरच्या चौकोनांची दोऱ्यांची जाळी करा. दीड मीटर लांब आणि एक मीटर खोल भिंतीवर १५० चौकोन होतात. प्रत्येक चौकोनात मुळ्या जाडीनुसार मोजा : अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक, अर्धा ते दोन, दोन ते पाच, आणि पाच मिलिमीटरच्या वर. पहिल्या दिवशी कॅलिपर हातात ठेवा. डोळा लवकरच तयार होतो. मोजणारा माणूस शक्यतो एकच असावा. दोघे असतील तर सुरुवातीला एकच पट्टी दोघांनी मोजून आकडे ताडून पाहावेत.

याहून चांगली युक्ती म्हणजे भिंतीवर जाड पारदर्शक प्लॅस्टिक टाचून, प्रत्येक मुळीच्या जागी मार्करने ठिपका देणं. जाडीप्रमाणे रंग वेगळा. थरांच्या सीमा, दगड, भेगा, चुनखडीचे खडे, सगळं त्याच कागदावर येतं. घरी बसून हवं तेव्हा मोजता येतं आणि दुसऱ्या बागेच्या कागदाशेजारी ठेवता येतं.

शून्य खोली कुठून धरली, हे लिहायला विसरू नका. बोदाच्या माथ्यापासून मोजलेले ६० सेंटिमीटर आणि सपाट जमिनीपासून मोजलेले ६० यांत बोदाच्या उंचीएवढा फरक असतो.

भिंत तिथे असतानाच मातीचंही बघून घ्या. प्रत्येक थरातून थोडी माती ओलावा, सामू आणि क्षारता यांसाठी घ्या. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का पाहा. चुनखडी किती वरून सुरू होते हे लगेच कळतं. चाकू सारख्या जोराने टोचत वरून खाली जा. कडक थर हाताला जाणवतो, आणि पुष्कळदा मुळ्यांचे ठिपके तिथेच आडवे पळायला लागतात.

प्रश्न ट्रॅक्टरच्या दाबाचा असेल तर चारी ओळीला आडवी काढा, खोडापासून मधल्या पट्ट्यापर्यंत. फळ छाटणीनंतर परतीच्या पावसात डाऊनी (केवडा) रोग येऊ नये म्हणून फवारणीसाठी ओल्या जमिनीतून पुन्हा पुन्हा ट्रॅक्टर जातो. चाकाच्या चाकोरीखालची माती किती दाबली गेली आणि मुळी तिथे शिरते की अलीकडेच वळते, हे ओळीला समांतर चारीत कधीच दिसणार नाही.

गिरमिटाचे नमुने

चारीने चित्र मिळतं, गिरमिटाने आकडे. साधारण ८ सेंटिमीटर व्यासाचं गिरमिट किंवा धार काढलेला लोखंडी पाइप चालतो. प्रत्येक वेलीखाली त्याच त्या जागा घ्या : ड्रिपरखाली, दोन ड्रिपरच्या मध्ये, बोदाच्या उतारावर आणि दोन ओळींच्या मधोमध. खोली ०–१५, १५–३०, ३०–४५, ४५–६० आणि जमत असेल तर ६०–९० सेंटिमीटर. प्रत्येक थराची पिशवी वेगळी, आत आणि बाहेर दोन्हीकडे चिठ्ठी. ओल्या पिशवीवरची शाई पुसली जाते, म्हणून आतली चिठ्ठी पेन्सिलने लिहा. वरची माती भोकात पडून खालच्या नमुन्यात मिसळते. प्रत्येक नमुन्याचा वरचा दोन बोटं भाग टाकून द्या आणि जेवढा टाकला तेवढं घनफळ हिशोबातून वजा करा.

नमुने फ्रीजमध्ये ठेवून काही दिवसांत धुवा. जास्त दिवस ठेवायचे तर गोठवा.

धुणं, वेचणं, ओळखणं

कंटाळा याच पायरीवर येतो आणि चुकाही इथेच होतात. काळी चिकण माती नुसत्या पाण्याने सुटत नाही. सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या पाण्यात रात्रभर भिजवली तर कण सुटे होतात. सकाळी हाताने हलकेच ढवळा, थोडं थांबा आणि गढूळ पाणी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून ओता. पुन्हा पाणी घाला, पुन्हा ओता, पाणी स्वच्छ येईपर्यंत. सगळी मुळी तरंगते असं समजू नका. जाड तुकडे तळाशी राहतात. तळाचा खडा-वाळूचा भाग पांढऱ्या ताटात पसरून चिमट्याने वेचा.

आता ओळखण्याचं काम. बोदावर उसाचं पाचट टाकलेलं असेल तर कुजलेले धागे हुबेहूब तपकिरी मुळीसारखे दिसतात. शेणखतातल्या काड्याही तशाच. पाचटाचा धागा चिमटीत दाबला की चपटा होतो आणि त्याला फांद्या नसतात. हरळी आणि लव्हाळ्याची मुळं बारीक, सारख्या जाडीची आणि पिवळट पांढरी असतात; लव्हाळ्याला गाठी असतात. हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा घेतला असेल तर मुळावरच्या जिवाणूंच्या गाठींवरून तो ओळखू येतो. द्राक्षाची जुनी मुळी लालसर तपकिरी, साल सुटणारी. नवी मुळी पांढरी, रसदार आणि तुलनेने जाड. खात्री नसेल तर वेलीच्या खोडापासून माग काढत नेलेली एक मुळी नमुना म्हणून शेजारी ठेवा.

मेलेली आणि जिवंत हा आणखी अवघड प्रश्न. द्राक्षात बारीक मुळीची बाहेरची साल काळी पडून गळते, तरी आतला कणा जिवंत असू शकतो. म्हणून केवळ रंगावर मेलेली ठरवू नका. हलकेच वाकवा : जिवंत कणा लवचिक आणि आतून पांढुरका असतो, मेलेला कटकन तुटतो. मुळीवर मण्यांसारख्या फुगीर गाठी दिसल्या तर सूत्रकृमींची शंका घ्या आणि त्या नमुन्याची वेगळी तपासणी करून घ्या.

लांबी काढण्याचं साधं गणित

वजनापेक्षा लांबी महत्त्वाची. पेन्सिलएवढ्या जाड मुळीचा एक तुकडा वजनात शेकडो बारीक मुळ्यांना मागे टाकतो, पण पाणी आणि अन्न घेण्याचं बरंचसं काम त्या बारीक मुळ्याच करतात.

न्यूमन या संशोधकांनी १९६६ मध्ये रेषा-छेद पद्धत मांडली आणि टेनंट यांनी १९७५ मध्ये ती सोपी केली. पारदर्शक ट्रेखाली २ सेंटिमीटर चौकोनांचा कागद ठेवा, ट्रेमध्ये थोडं पाणी घाला आणि मुळ्या एकमेकींवर येणार नाहीत अशा पसरा. लांब मुळ्या कापून छोट्या करा. आडव्या आणि उभ्या, दोन्ही रेषांना मुळी जिथे जिथे छेदते ते सगळे छेद मोजा. मग :

लांबी = ११/१४ × छेद × चौकोनाची बाजू

समजा ९६ छेद आले, तर ९६ × २ × ११/१४ म्हणजे सुमारे १५१ सेंटिमीटर. वरचा भाग न टाकलेल्या, ८ सेंटिमीटर व्यास आणि १५ सेंटिमीटर उंचीच्या नमुन्याचं घनफळ सुमारे ७५४ घन सेंटिमीटर. भागाकार ०.२०, म्हणजे दर घन सेंटिमीटर मातीत ०.२ सेंटिमीटर मुळी. आकडा लहान दिसला म्हणून घाबरू नका. ज्वारी-गव्हासारख्या गवतवर्गीय पिकांच्या तुलनेत द्राक्षाची मुळी मातीत विरळच असते. छेद फार कमी येत असतील तर १ सेंटिमीटरचे चौकोन घ्या.

स्कॅनर असेल तर काम हलकं होतं. पाण्याच्या पातळ थरात मुळ्या पसरून स्कॅन करा आणि रायझोव्हिजन एक्सप्लोरर किंवा इमेज-जे या मोफत सॉफ्टवेअरमधून लांबी व जाडी काढा. पण आधी थोडे नमुने हातानेही मोजून दोन्ही आकडे जुळतात का पाहा. पाचटाचा धागा सॉफ्टवेअर मुळी म्हणूनच मोजतं.

पांढरी मुळी केव्हा सुटते, हे पाहायचं असेल तर

पांढऱ्या मुळीचं आयुष्य समजून घेतलं की वेळेचं महत्त्व पटतं. द्राक्षाच्या बारीक मुळीवर अमेरिकेत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की मुळीची नायट्रेट शोषण्याची क्षमता पहिल्या एका दिवसातच निम्म्यावर येते. म्हणजे मुळी असणं पुरेसं नाही, ती सतत नवी येत राहायला हवी. महिन्यातून एकदा चारी पाहून हे कळणार नाही; तीच मुळी पुन्हा पुन्हा पाहावी लागते.

बेट्स यांनी १९३७ मध्ये जमिनीत काचेची नळी घालून मुळी पाहण्याची कल्पना मांडली. आज तीच पद्धत ॲक्रिलिक नळी आणि कॅमेऱ्याने होते. नळी बोदात ४५ अंशांच्या कोनात, माती घट्ट चिकटेल अशी बसवा. खालचं तोंड बंद. जमिनीवर राहणारा भाग आधी काळा आणि वर पांढरा रंगवा, म्हणजे उजेडही शिरत नाही आणि नळी तापतही नाही. मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा दांडीला बांधून आत सोडा. दांडीवर ठरावीक अंतरावर खुणा करा, म्हणजे प्रत्येक वेळी तोच भाग दिसेल. नळी विश्रांतीच्या काळात बसवा आणि पहिला हंगाम केवळ स्थिरावण्यासाठी द्या. बसवताना तुटलेल्या मुळ्यांच्या जागी नवी मुळी जोमाने येते, ती बागेची खरी स्थिती नसते.

भारी काळ्या जमिनीत उन्हाळ्यात नळीपासून माती सुटते आणि मधल्या फटीतून मुळी मोकळी धावते. फट दिसलेले भाग वहीत वेगळे नोंदवा आणि सरासरीतून वगळा. आवर्तनाच्या (कालव्याच्या पाळीच्या) पाण्यावरच्या बागांत दोन पाळ्यांमध्ये बोद सुकतो, तिथे हे जास्त होतं.

एवढा खर्च नको असेल तर जाळीची पिशवी पुरते. साधारण २ मिलिमीटर भोकांच्या नायलॉन जाळीची पिशवी शिवा, त्याच बागेतली चाळून मुळं काढलेली माती भरा आणि गिरमिटाच्या भोकात पुरा. सहा ते आठ आठवड्यांनी काढलीत तर आत सापडणारी सगळी मुळी त्याच काळातली. खरड छाटणीनंतर एक संच आणि फळ छाटणीनंतर एक संच पुरला, तर दोन काळांतली वाढ सरळ तुलनेत येते. पिशवीतली माती भुसभुशीत असल्यामुळे आकडा बागेपेक्षा जास्त येऊ शकतो. म्हणून हे आकडे एकमेकांशी ताडा, गिरमिटाच्या आकड्यांशी नको.

केव्हा पाहायचं

तारखांऐवजी वेलीच्या अवस्था धरा, कारण आगाप आणि मागास छाटणीत महिन्या-दोन महिन्यांचा फरक पडतो. माल उतरल्यावर, खरड छाटणीनंतर पाने विस्तारली की, फळ छाटणीच्या आधी, फुलोऱ्यात आणि मण्यात पाणी उतरताना (मणी मऊ पडून गोड व्हायला लागतात तेव्हा). विश्रांतीतल्या पाहणीत जाड मुळीचा ताजा काप घेऊन त्यावर आयोडिनचा थेंब टाकून बघा. गडद निळा-काळा रंग आला तर मुळीत स्टार्चचा साठा आहे. फिका राहिला तर वेल रिकाम्या हाताने पुढच्या हंगामात जातेय.

पहिल्या वर्षी सगळं करू नका. विश्रांतीच्या काळात दोन वेलींजवळ एकेक चारी आणि त्याच रानातल्या इतर सहा वेलींखाली खरड छाटणीनंतर, फळ छाटणीपूर्वी व मण्यात पाणी उतरताना गिरमिटाचे नमुने, एवढं एका माणसाला मदतनिसासह झेपतं. चारी बुजवताना खालची माती खाली, वरची वर, दर वीतभर थरानंतर पायाने हलकेच दाबून पाणी द्या. लॅटरल जागेवर आणून ड्रिपर चालतात का ते बघा, आणि बुजवलेली जागा खचली तर पंधरवड्याने येऊन पुन्हा भर घाला.